पिवळी चौकट

आमचा फोटो बघायचा प्रोग्राम तसा बरा होता, पण त्यात माणसं हरवायची. हे मी नाही, आमच्या ऑफिसातला शंकासूर म्हणायचा. आम्ही लिहिलेल्या प्रोग्रामात खोट शोधायची हे त्याचं काम, आणि ते तो इतक्या आवडीने करायचा की त्याचं खरं नाव आम्ही सगळे विसरूनच गेलो होतो. त्याचं म्हणणं असं, की मोठा फोटो उघडून माणूस झूम करत आत शिरला की आपण फोटोत नेमके कुठे आहोत ते त्याला कळत नाही. समोर नुसता करड्या ठिपक्यांचा पसारा. तो कोटाचा की भिंतीचा की कुणाच्या गालाचा, देव जाणे. मग माणूस वैतागतो, सगळं बंद करतो आणि आमच्या नावाने खडे फोडतो.

उपाय काही नवा नव्हता. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी द्यायची. तिच्यात अख्खा फोटो लहान करून दाखवायचा, आणि मोठ्या स्क्रीनवर त्यातला जेवढा भाग दिसतोय तेवढ्यावर एक पिवळी चौकट काढायची. फोटो सरकवला की चौकट सरकते, चौकट ओढली की फोटो सरकतो. माणूस कितीही आत शिरला तरी एक नजर कोपऱ्यात टाकली की आपण कुठे आहोत ते कळतं. हे काम माझ्या गळ्यात पडलं असं मी चारचौघांत म्हणत होते, पण खरं म्हणजे मी ते मागून घेतलं होतं. फोटोत हरवणारं एक माणूस माझ्या घरातच होतं.

माझे बाबा एका फोटो स्टुडिओत रिटचर होते. आयुष्यभर त्यांनी उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने लोकांचे चेहरे साफ केले. मुरूम, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्यांच्या हाताखाली नाहीसं व्हायचं. आमच्या भागातली एक अख्खी पिढी बाबांमुळे देखणी दिसते, असं आई म्हणायची. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकाने जुन्या निगेटिव्हचे खोके बाबांच्या हवाली केले. मी ते सगळे स्कॅन करून घेतले आणि आमच्या प्रोग्राममध्ये भरले.

तेव्हापासून आमचा एक नेम झाला होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसातून फोन लावायचे. बाबा घरी त्यांच्या कंप्युटरसमोर, मी माझ्या. आई पाकिटावरचं नाव वाचून सांगायची, मी तो फोटो लावला की दोघांच्याही समोर यायचा. मग ते आपल्या स्क्रीनवर हवं तिथे झूम करत हिंडायचे आणि बोलायचे. हे कोण, ते कोण, कुणाच्या हनुवटीवरचा चामखीळ घालवला, कुणी पैसे देऊनही नाक बारीक करून दिलं नाही म्हणून भांडण काढलं. मी हसत हसत सगळं टाइप करून ठेवायचे. मधूनच बाबा म्हणायचे, थांब गं, जरा हरवलो. त्या ‘हरवलो’साठीच मी ही खिडकी करत होते.

गप्पांचा शेवट मात्र ठरलेला असे. ठकीची शाळा सुटायची वेळ झाली की बाबा गाडी काढायला उठायचे. ठकी माझी मुलगी. माझा नवरा जहाजावर नोकरीला, महिनोन्महिने घराबाहेर. माझं ऑफिस सुटायच्या कितीतरी आधी शाळा सुटते. त्यामुळे बाबा आणि आई गाडीने जाऊन तिला घेऊन यायचे आणि मी येईपर्यंत सांभाळायचे. थोडक्यात सांगायचं तर माझी नोकरी त्या गाडीवर चालत होती.

खिडकी तयार झाली. त्यात मी आणखी एक गंमत घातली. दोघं मिळून फोटो बघत असले तर समोरच्याची चौकटही आपल्या खिडकीत दिसेल अशी सोय केली. म्हणजे बाबा ‘ही बघ’ म्हणाले की कुठली ‘ही’, ते मला विचारावं लागणार नव्हतं. स्वतःवर मी बेहद्द खूश होते. शंकासुराला मुद्दाम शेजारी बसवून घेतलं, म्हटलं बघ, माझा सगळ्यात पहिला ग्राहक कसा खूश होतो ते.

आईने नाव वाचलं, मी फोटो लावला. एका लग्नातला मोठा गट होता. पायऱ्यांवर दाटीवाटीने उभी असलेली माणसं, मधोमध नवरा-नवरी, पुढे अंथरलेली सतरंजी. आई स्वयंपाकघरात गेली, भांड्यांचा आवाज फोनमधून मला ऐकू येत होता. बाबांनी झूम केलं. माझ्या खिडकीत पिवळी चौकट उमटली, इकडेतिकडे जरा भिरभिरली आणि सतरंजीच्या कडेवर जाऊन बसली.

“ही बघ नवरीची मावशी,” बाबा सांगत होते. “तिचा एक डोळा तिरळा होता. बुबुळ सरळ करायला मला अख्खी सकाळ लागली. आता बघ कशी दिसते, कुणी म्हणेल का?”

चौकट सतरंजीवरच होती. नवरीची मावशी वरून दुसऱ्या रांगेत, फोटोच्या पार दुसऱ्या टोकाला. मी जीभ चावली. पहिल्याच दिवशी, तेही शंकासुरासमोर, माझी खिडकी खोटं बोलत होती. आमच्या धंद्यात ही नेहमीची चूक आहे. फोटो वरून खाली मोजायचा असतो आणि घाईत खालून वर मोजला की सगळं उलटंपालटं होतं. मी बाबांना म्हटलं, तुम्ही बोलत राहा, इकडे एक बारीकशी चूक झालीय. ते बोलत राहिले. नवऱ्याचा काका, त्याची टक्कल झाकायची टोपी, मागच्या रांगेत डोळे मिटलेला मुलगा, ज्याचे डोळे बाबांनी पेन्सिलीने उघडले होते. मी कोड चाळत होते आणि स्वतःवर चरफडत होते.

चूक सापडेना. वर-खाली बरोबर होतं, डावं-उजवं बरोबर होतं. शेवटी शंकासूर उठून पलीकडच्या कंप्युटरवर गेला, तोच फोटो उघडला आणि न सांगता कुठेतरी झूम केलं. माझ्या खिडकीत त्याची चौकट नवरीच्या कानावर बसली. मी म्हटलं, कान. त्याने पुन्हा बदललं. मी म्हटलं, नवऱ्याचे बूट. त्याने फोटोतल्या मागच्या भिंतीची खिडकी धरली, मी तीही ओळखली. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता, कारण खोट सापडली नाही की त्याचा दिवस वाया जातो.

“तुझी खिडकी बरोबर आहे बाई,” तो म्हणाला. “तुझे बाबाच सतरंजी बघतायत.”

त्याच्या मनात तसं काही नव्हतं. बोलून तो मोकळा झाला आणि डबा उघडून बसला. मी बाबांना म्हटलं की जरा माऊस हलवू नका, आत्ता तुमच्यासमोर काय आहे तेवढं सांगा. ते जराही न अडखळता म्हणाले, मावशीच गं, अजून तिच्यावरच आहे. तिच्या कानातल्या कुड्या, गळ्यातला मण्यांचा हार, सगळं त्यांनी सांगितलं, आणि सगळं खरं होतं. फक्त त्यातलं काहीही त्यांच्या स्क्रीनवर नव्हतं. त्यांच्या स्क्रीनवर सतरंजीची झालर होती.

आमच्याकडे चाचणी घ्यायची एक रीत आहे. प्रोग्राममध्ये मुद्दाम चुकीचं काहीतरी टाकायचं आणि तो बोंबलतो का ते बघायचं. बोंबलला तर बरं. मुकाट्याने पुढे चालत राहिला तर समजायचं की आतमध्ये मोठी भानगड आहे. मी तेच केलं. स्वतःच्या बापावर केलं, आणि ते करताना मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते की त्यांना बोंबलू दे. खिडकीच्या चाचणीसाठी ठकीचा एक फोटो मी आधीच काळापांढरा करून ठेवलेला होता. फक्त चेहरा, स्क्रीनभर. लग्नाचा फोटो काढून मी तो दोघांसमोर लावला आणि काही बोलले नाही.

बाबा थांबले नाहीत. मावशीवरून ते तिच्या नवऱ्यावर आले. तो कसा प्रत्येक फोटोत मान वाकडी करायचा, मग निगेटिव्हवर मान सरळ करणं कसं अशक्य असतं, हे ते रंगात येऊन सांगत होते. त्यांच्यासमोर त्यांची नात हसत होती, आणि माझ्या खिडकीतली पिवळी चौकट तिच्या तोंडावर इकडून तिकडे फिरत होती.

मला काही सुचेना. रडायलाही येईना. डोक्यात एकच शब्द घुमत होता, गाडी. इतक्यात बाबांनी विचारलं, काय गं, चालते का तुझी खिडकी? मी म्हटलं, चालते. ते म्हणाले, मग झालं तर, बाकीचं उद्या, ठकीला आणायला निघतो. ‘बाबा, थांबा’ हे शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत फोन ठेवलेला होता.

मी लगेच उलटा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. आईला लावला, तोही तसाच. गाडीत बसल्यावर फोन घ्यायचा नाही ही बाबांची शिस्त, आणि तिचं मला नेहमी कौतुक वाटायचं. शाळेचा फोन सारखा व्यस्त. मी शंकासुराला म्हटलं, मोटरसायकल काढ. माझ्याकडे एकदा बघून त्याने हातातला घास डब्यात टाकला आणि एकही शंका न काढता उठला.

वाटेत प्रत्येक चौकात मी गर्दी दिसते का बघत होते. कुठे लोक जमलेत का, कुठे काचा पडल्यात का. मागच्या महिन्यात गाडीचा डावा दिवा फुटला होता, बाबा म्हणाले, कुणीतरी उभ्या गाडीला घासून गेलं. त्याआधी फाटकाच्या खांबाचा रंग उडाला होता. तेव्हा मी बाबांची बाजू घेऊन शेजाऱ्यांशी भांडले होते. मोटरसायकलवर मागे बसून मला ते भांडण शब्दन् शब्द आठवत होतं आणि लाजेने अंग जळत होतं.

आम्ही शाळेपाशी पोचलो आणि त्याच वेळी कोपऱ्यावरून आमची गाडी वळली. हळू, अगदी बेताने. बाबा ताठ बसलेले, दोन्ही हात चाकावर. काच खाली होती, आणि आईचा आवाज मला ऐकू आला.

“डावीकडे सायकल आहे, जाऊ द्या तिला. आता हळू. पुढे मुलं आहेत, थांबा. गेली. अजून थोडं. अजून. बास.”

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. आई बोलली नाही तर बाबांची गाडी सुरूच होत नाही, अशी आमच्या घरात तिची थट्टा चालायची, आणि ती करण्यात सगळ्यात पुढे मी असायचे. आईला साधी सायकलसुद्धा चालवता येत नाही. त्या क्षणी मला कळलं की गाडी तीच चालवत होती. बाबा फक्त चाक फिरवत होते.

मी धावत बाबांच्या बाजूला गेले आणि गाडीच्या खिडकीत डोकं घातलं. त्यांनी मान वळवली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आईला विचारलं, “ठकी आली का?”

हातभर अंतरावर होते मी. आईने मला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग मीच म्हटलं, बाबा, मी आहे. माझा आवाज ऐकल्यावर त्यांचा चेहरा आधी नेहमीसारखा उजळला आणि मग हळूहळू विझला. माझी ऑफिसची वेळ, माझा आवाज, मघाचा फोन, हे सगळं त्यांनी जुळवलं असावं. ते आईला एवढंच म्हणाले, कळलं हिला. आणि किल्ली काढून बाहेर धरली.

घरापर्यंत गाडी मी चालवली. ठकी मागे बसून शाळेतलं काही काही सांगत होती आणि आज तू कशी आलीस, आजोबा शेजारी का बसलेत, असं विचारत होती.

घरात पाऊल ठेवल्याबरोबर माझा तोल सुटला. माझा राग वाईट आहे, सगळे जाणतात. ठकीला आतल्या खोलीत पाठवलं आणि जे तोंडात आलं ते बोलले. केव्हापासून चाललंय हे? डॉक्टरला दाखवलं का? की तेही मला सांगायचं नव्हतं? बाबा शांतपणे म्हणाले, दाखवलंय. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, दोन्हीकडचा. औषध आहे ते फक्त आणखी बिघडू नये म्हणून. कडेचं सगळं दिसतं, रस्ता दिसतो, गाड्यांचे आकार दिसतात.

“फक्त जिथे बघावं तिथे काही नसतं,” ते म्हणाले.

म्हणजे चेहरा नाही, अक्षर नाही, सिग्नल नाही. ते आई सांगायची. मी म्हटलं, आणि तुम्ही त्या डोळ्यांनी माझ्या पोरीला गाडीतून आणत होता? इतका वेळ आई भिंतीला टेकून उभी होती, ती एकदम पुढे आली.

“मग काय करायचं होतं?” ती म्हणाली. “गाडी बंद केली असती तर तुझी नोकरी बंद झाली असती. तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी राजीनामा टाकून घरी बसली असतीस. तुला जन्म दिलाय मी, तुझा स्वभाव मला ठाऊक नाही?”

मी काहीतरी तडकून बोलायला गेले आणि थांबले, कारण ती म्हणत होती ते खरं होतं. मी तेच केलं असतं, आणि वर जन्मभर ते बोलूनही दाखवलं असतं. माझ्यासाठी हे दोघं रोज जीव मुठीत धरून रस्त्यावर उतरत होते, आणि मला वाटत होतं की मी बाबांसाठी खिडकी करतेय. पण राग काही जाईना. मी म्हटलं, आई, मागच्या सीटवर ठकी असते. एखादा शब्द सांगायला तुला उशीर झाला असता तर? आई खाली जमिनीवरच बसली. रोज घरी पोचल्यावर मी आतल्या आत थरथरायचे, असं काहीसं ती पुटपुटली. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिले, म्हणाली.

मग बाबांनी विचारलं, तुला कसं कळलं. मी सांगितलं, चौकट कशी सतरंजीवर बसली आणि मग मी फोटो कसा बदलला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. रागावले नाहीत. मला वाटतं, एक कारागीर दुसऱ्या कारागिराचं काम ऐकतो तसं ते ऐकत होते.

“आणि लावलास कुठला फोटो?”

मी म्हटलं, ठकीचा. गेल्या आठवड्यातला. त्यांनी विचारलं, कसा आलाय. मी सांगितलं की छान आलाय, जोरात हसतेय, पुढचे दोन्ही दात पडलेत त्यामुळे म्हातारीसारखी दिसतेय.

“दात पडले तिचे?”

ठकी दारात उभी होती. आतल्या खोलीत तिला बसवलं होतं खरं, पण आमच्या घरात आतल्या खोलीत कुणीच बसत नाही. ती थेट आजोबांसमोर आली.

“आजोबा, तुम्हाला दाखवले होते की मी,” ती म्हणाली. “एक पडला तेव्हा दाखवला, दुसरा पडला तेव्हा पण. तुम्ही म्हणालात, मस्त.”

बाबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. त्यांचे डोळे तिच्या कपाळाच्या जरा वर, कुठेतरी बाजूला लागले होते.

“मी न बघता म्हणालो गं,” ते म्हणाले.

ठकीला त्याचा अर्थ कितपत कळला कोण जाणे. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आईकडे. मग बघा आता, असं म्हणून तिने त्यांचा उजवा हात उचलला आणि त्यांचं बोट धरून आपल्या तोंडात घातलं. बाबांनी बोट आधी एका रिकाम्या जागेवर टेकवलं, मग सावकाश दुसऱ्या. त्यांना रडताना मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. ते रडत होते आणि ठकी तोंड उघडं ठेवून, जराही न हलता उभी होती.